कुत्र्यांच्या कामाची माणसं

वर्तमानपत्रात प्राणिसेवेची बातमी आली की सोबत एक फोटो हमखास असतो. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली सात-आठ तरुण मंडळी, प्रत्येकाच्या कुशीत एकेक पिल्लू, मंडळींच्या चेहऱ्यावर कृतार्थता आणि पिल्लांच्या चेहऱ्यावर ‘हे कधी आटपणार’ असा भाव. आमच्या भागात भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे, तिचाही असा फोटो एकदा छापून आला होता. त्यातली निम्मी मंडळी पुन्हा दिसली नाहीत. त्याबद्दल संस्थेत कुणाचा राग वगैरे नाही. पिल्लू छातीशी धरावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्या वाटण्याची मुदत साधारणपणे पिल्लाला पहिले जुलाब होईपर्यंत असते.

मला लिहायचंय ते त्यानंतर उरतात त्यांच्याबद्दल. त्यांना इतकी वर्षं जवळून पाहून माझं असं मत झालं आहे की प्राणिसेवा करुणेवर चालत नाही. ती चौकशांवर चालते, चिक्कूपणावर चालते, भांडकुदळपणावर चालते आणि काही अंशी निद्रानाशावर. म्हणजे ज्या गोष्टींपायी या माणसांनी जन्मभर घरच्यांची बोलणी खाल्ली, नेमक्या त्यांच्यावर.

मी स्वतः कुत्र्यांना भितो. समोरून कुत्रं आलं की मी रस्ता ओलांडतो, आणि पलीकडेही कुत्रं असेल तर मला अचानक फोन येतो. तरीही मी संस्थेत आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. नोंदवही माझ्याकडे असते. कुत्री मला प्रामुख्याने निळ्या शाईत माहीत आहेत.

चौकशांपासून सुरुवात करतो. आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा गॅस संपला, कुणाची मुलगी हल्ली उशिरा येते, ही सगळी माहिती त्या गॅलरीत बसून जमवतात आणि मागितली नाही तरी देतात. सोसायटीच्या सभेत त्यांच्याविरुद्ध नाव न घेता ठराव झाल्याचंही मला आठवतं. तर संस्थेने जेव्हा निर्बीजीकरणाचं काम मनावर घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न आला शिरगणतीचा. कुत्री किती, माद्या किती, किती जणींचं ऑपरेशन झालंय? कॉलेजची मुलं मोबाइल घेऊन फिरली आणि एकाच काळ्या कुत्र्याला तीन वेगवेगळ्या गल्ल्यांत तीनदा मोजून आली. गॅलरीतून हे पाहणाऱ्या काकूंना ते सहन झालं नाही. त्या खाली उतरल्या.

‘‘डेअरीसमोरची तांबडी लिही. तिला मार्गशीर्षात चार झाली. एक रिक्षाखाली गेलं, एक औषधाच्या दुकानवाल्याने नेलं, दोघं नाल्यापलीकडे असतात. ती पांढऱ्या पायाची आपली नव्हे, रात्री मागच्या सोसायटीतून येते. आणि हा लंगडा, याला गरीब समजू नकोस. सगळी त्याचीच आहेत.’’

एवढी वंशावळ मी आमच्या घराण्याचीही कधी ऐकली नव्हती. जनावरांचे डॉक्टर वही बघून म्हणाले की अशा नोंदी असतील तर निम्मं काम झालंच समजा. आता काकूंना ‘सर्वेक्षण प्रमुख’ असं पद आहे. बाकीच्या चौकशा थांबल्यात असं नाही, पण त्यांना आता शासकीय वजन आलंय.

काकूंनी मार्गशीर्ष म्हटलं त्याला आधार आहे. भाद्रपद हा महिना गणपतीचा आणि पितरांचा तसा आमच्या कुत्र्यांचाही, आणि त्यांच्या उत्सवाला मंडप लागत नाही. दोन महिन्यांनी, थंडी पडायच्या सुमारास, जिन्याखाली, गॅरेजमध्ये, बंद पडलेल्या टेम्पोच्या पोटात कुईंकुईं सुरू होते. शिवाय भाद्रपदातच पितृपक्ष. एरवी कुत्र्याला हाड्‌ म्हणणारी माणसं त्या पंधरवड्यात ताट घेऊन कुत्रा शोधत फिरतात, कारण काकबळीबरोबर श्वानाचाही घास काढायचा असतो. सर्वपित्रीला तर एकेका कुत्र्याच्या वाट्याला पाच-सहा घरचे पूर्वज येतात. खीर, वडे, पुन्हा खीर. पुढचे दोन दिवस आमची औषधांची पेटी उघडीच असते.

निर्बीजीकरणाचं शास्त्र लोकांना पटवणं हे कुत्रा पकडण्याहून अवघड. नियम २००१चे आहेत, २०२३ साली ते नव्याने आले. कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाचा एक छोटा तुकडा कापायचा, जखम भरेपर्यंत ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. इथपर्यंत माना डोलावणारी सभा ‘तिथेच परत’ म्हटलं की उसळते. ‘‘म्हणजे नेलं कशाला?’’ हा प्रश्न आजवर प्रत्येक सोसायटीत, बहुधा शेवटच्या रांगेतून, आलेला आहे. मग सांगावं लागतं की जागा रिकामी झाली की कचराकुंडी आणि खाटकाचं दुकान काही रिकामं होत नाही. शेजारच्या हद्दीतली, लस न टोचलेली नवी कुत्री येऊन बसतात आणि त्यांनाही यथावकाश मार्गशीर्ष लागतो. जुनं, ओळखीचं, पिल्लं न होणारं कुत्रं आपली हद्द स्वतः राखतं, पगार न घेता. चेन्नईच्या ब्ल्यू क्रॉस या संस्थेने हा मार्ग १९६४ सालीच पुढे मांडला होता. त्यानंतरही अनेक शहरं कितीतरी वर्षं कुत्री मारतच राहिली, आणि कुत्री काही कमी झाली नाहीत. खुद्द मुंबईत सरसकट मारणं थांबायला १९९४ उजाडलं.

मुंबईने तरी हे आधी करायला हवं होतं, कारण कुत्र्यांवरून पेटलेलं ते बहुधा देशातलं पहिलं शहर. ६ जून १८३२. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे शिपायाला बक्षीस मिळे. बक्षीस म्हटल्यावर शिपाई मोकाट आणि पाळीव असा बारीक भेद कशाला करतील? त्यात पारशी मंडळींच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. प्रेताला कुत्र्याची नजर लागल्याशिवाय त्यांचे अंत्यविधी पुरे होत नसत. कोटात दंगल झाली, बाजार बंद झाला, पारशांसोबत हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही उभे राहिले आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. पुढे जमशेटजी जीजीभॉय यांनी मिटवामिटवीत पुढाकार घेतला आणि दोनच वर्षांत, १८३४ साली, भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. तो चालवण्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठरावीक पट्टी लावून घेतली. दंगल एक-दोन दिवसांची, पट्टी वर्षानुवर्षांची. मला या सगळ्या प्रकरणात पट्टीचंच जास्त कौतुक वाटतं.

आमच्या संस्थेत ही पट्टी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या ताब्यात आहे. हे गृहस्थ पाकिटं उलटी करून पुन्हा वापरतात. त्यांच्या घरी पाहुण्याला साखर किती हे विचारून चहात त्याहून कमी घालतात, असं त्यांचेच व्याही सांगतात. संस्थेत आल्यावर त्यांनी पहिल्या महिन्यात बारा रुपयांच्या सिरिंजचं बिल मागून तीन तरुण स्वयंसेवकांना रडवलं आणि एकाला कायमचं घालवलं. पण दर महिन्याच्या पाच तारखेला ते हिशेबाचा कागद लिफ्टशेजारी चिकटवतात. जमा, खर्च, शिल्लक, सलाइनच्या बाटल्या आल्या किती आणि लागल्या किती. लोक लिफ्टची वाट बघताना तो वाचतात. दुसरं वाचण्यासारखं तिथे काही नाही. आणि मग कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला, कुणी नातवाच्या वाढदिवसाला हजार-पाचशे आणून देतं. करुणेचं आवाहन करणारी आमची पत्रकं इस्त्रीवाल्याकडे कपडे बांधायला जातात, बारा रुपयांचा हिशेब मात्र पैसे आणतो.

महापालिकेकडे पाठपुरावा करायला एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचा स्वभाव मी काय सांगावा? भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी, रेडिओवरच्या निवेदिकेशी, कुणाशीही त्या भांडू शकतात. गाडी आज येणार होती ती का आली नाही, पिंजरे किती आहेत, डॉक्टर रजेवर असतील तर बदली कोण, असे प्रश्न घेऊन त्या आठवड्यातून दोनदा वॉर्ड ऑफिसला जातात. तिथले साहेबही आता त्यांना घाबरत नाहीत, चहा मागवतात. कारण एवढ्या कागदपत्रांनिशी येणारा दुसरा नागरिक त्यांनाही मिळत नाही. त्यांच्या सुनेने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘तुमची संस्था बंद मात्र पडू देऊ नका.’’ सून देणगीदार आहे. तिच्या घरात कुत्रा नाही, पण शांतता आहे.

रात्रीचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना झोप येत नाही. गोळ्या झाल्या, शिरोधारा झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून जायफळही झालं. शेवटी ते एकच्या सुमाराला काठी घेऊन फिरायला निघू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की गाडीची धडक बसलेली कुत्री रात्रीच सापडतात. आता त्यांच्या पिशवीत चमकणाऱ्या पट्ट्यांचे गळपट्टे असतात. अंधारात दिव्याच्या झोतात पट्टी चमकली की गाडीवाल्याचा पाय ब्रेकवर जातो. गळपट्टा बांधण्याचीही रीत आहे: दोन बोटं आत जातील इतका सैल, आणि वाढत्या पिल्लाला अजिबात नाही. सगळे वॉचमन त्यांचे मित्र झालेत. अजून झोप येत नाही ती नाहीच, पण आता ती तक्रार राहिलेली नाही, पात्रता झाली आहे.

आणि स्वयंपाक. याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पूर्वी जो तो आपापली पोळी, दूधभात, बिस्किटं टाकायचा. बिस्किटांची साखर आणि मैदा कुत्र्याच्या काही कामाचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावल्यावर ठरलं की तांदळाची कणी आणि चिकन शिजवायचं, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नाही. चिकनवाला पाय, माना, उरलंसुरलं फुकट द्यायला तयार झाला. प्रश्न होता शिजवायचं कुणी. मांसाहारी घरांतून एकेक अडचण पुढे आली: आमच्याकडे सोमवार, आमच्याकडे सासूबाई, आमच्याकडे ओट्यावर जागा नाही. शेवटी उभे राहिले ते ज्यांच्या घरात अंडंही येत नाही असे एक काका. पार्किंगच्या कोपऱ्यात जुनी शेगडी, भलंमोठं जर्मनचं पातेलं, नाकाला उपरणं. पातेल्यात न बघता ते ढवळतात. शिजलं की नाही हे वासावरून कळत नाही, कारण नाक बांधलेलं. चवीचा तर प्रश्नच नाही. म्हणून ते घड्याळ लावतात. हाडं काढून टाकण्याचं काम चिकनवाल्याचा मुलगा येऊन करतो, कारण शिजलेलं हाड फुटून कुत्र्याच्या आतड्यात रुततं. स्वयंपाक संपला की काका घरी जाऊन आंघोळ करतात आणि मग देवपूजा. त्यांना कुणीतरी विचारलं, इतकी किळस येते तर करता कशाला? ते म्हणाले, ‘‘वेळ पाळणारा दुसरा कोण आहे तुमच्याकडे?’’

आता प्रेमळ लोकांविषयी. त्यांच्याबद्दल मी काही वावगं बोलणार नाही, पण संस्थेच्या दृष्टीने ते जरा जोखमीचे असतात. आजारी पिल्लाला दोन आठवडे घरी ठेवायला म्हणून एका इंजिनिअर मुलाने नेलं. आता ते पिल्लू घोड्याएवढं झालंय आणि त्या मुलाचं लग्न जमताना ‘मुलाला एक कुत्रा आहे’ हे पत्रिकेआधी सांगावं लागतं. म्हणजे एका पिल्लाची सोय झाली, आणि तात्पुरती जागा देणारं एक घर कायमचं गेलं. दत्तक घ्यायला येणारे लोकही कमी नाहीत, पण त्यांना नर हवा, रंग उजळ हवा, जात हवी. वधूवर सूचक मंडळात हयात घातलेल्या एका बाईंना आम्ही मुद्दाम या कामावर बसवलंय. घरी कोण कोण असतं, भाड्याचं घर की स्वतःचं, गावाला गेलात तर कुणाकडे ठेवणार, असं त्या शांतपणे विचारत जातात. काळ्या रंगाच्या माद्या सर्वांत मागे राहतात, हे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना आधीच्या व्यवसायामुळे अपेक्षितच होतं.

आमचे एक कायमचे विरोधकही आहेत, आणि त्यांच्याशिवाय हे काम इतकं चोख झालं नसतं. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. ती लस मेंढीच्या मेंदूतून बनवत, आणि आपल्या देशात ती या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. त्यांच्या पिढीतल्या माणसाला कुत्र्याबद्दल प्रेम वाटावं अशी अपेक्षाच चूक आहे. आता लस दंडावर घेतात, मोजकी इंजेक्शनं असतात, पण त्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची असते, हे त्यांच्याइतकं तळमळीने कुणी सांगत नाही. पंधरा म्हणजे पंधरा. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. लसीकरणाच्या दिवशी ते सकाळीच येतात, आम्हाला विरोध असल्याचं पुन्हा एकदा स्पष्ट करतात आणि बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून थर्मामीटर बघतात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. ‘‘तुमच्या भरवशावर मी राहणार नाही,’’ असं म्हणून ते संध्याकाळपर्यंत पेटीजवळ खुर्ची टाकून बसतात. चहा स्वतःचा, थर्मासमधून.

त्यांनीच एकदा गोव्याचं कात्रण आणून माझ्यासमोर टाकलं. तिथे मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर घरोघर, वाड्यावाड्यावर, किनाऱ्यावर जाऊन कुत्र्यांना लस टोचली. देशोदेशींचे स्वयंसेवक जाळी घेऊन उन्हात धावले, टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढला, शाळांत जाऊन मुलांना कुत्र्याशी कसं वागावं ते शिकवलं. साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. २०१४ साली तिथे वर्षाला दहाहून जास्त माणसं रेबीजने दगावत होती. काही वर्षांतच तो आकडा शून्यावर आला आणि २०२१ साली मुख्यमंत्र्यांनी राज्य रेबीजमुक्त झाल्याचं जाहीर केलं. कात्रणावर त्यांनी तांबड्या पेनाने लिहिलं होतं: ‘आपण का नाही?’ विरोधकाकडून याहून मोठी मदत मागता येत नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये मात्र आमचा सोसायटीचा ग्रुप पेटला. दिल्ली आणि आसपासची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ११ तारखेला आला. २२ तारखेला तो बदलून, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची लस आणि शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडा, असं झालं. मधल्या दिवसांत आमच्याकडे दोन तट पडले. वर्षानुवर्षं एकमेकांच्या हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. ज्यांच्या नातवंडांच्या मागे कुत्री लागली होती त्यांचा संताप खोटा नव्हता, आणि ज्यांनी त्याच कुत्र्यांना सलाइन लावलं होतं त्यांचं रडणंही खोटं नव्हतं. आणि तोवर न्यायालय फक्त दिल्लीचं बोलत होतं, याकडे दोन्ही तटांचं दुर्लक्ष झालं. त्या दिवसांत काम सुरळीत चाललं ते पार्किंगमधल्या पातेल्याचं, कारण काका ग्रुपवर नाहीत.

अपघाताची मोठी केस असली की परळला न्यावं लागतं, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत १८७४ साली सोसायटी निघाली आणि १८८३ साली पेटिट यांनी पत्नीच्या नावाने हे रुग्णालय दिलं. टॅक्सीवाल्याला एवढं लांबलचक नाव सांगायची गरज नसते. बैल-घोडा हॉस्पिटल म्हटलं की पुरे. ट्रामचे घोडे गेले, बैल गेले, नाव आहे. तिथल्या बाकावर बसलं की मला बरं वाटतं. एका बाजूला कोट घातलेल्या कुत्र्याच्या मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला गोणपाटात बोकड घेऊन आलेला माणूस, आणि सगळे एकमेकांना विचारत असतात की तुमचं पेशंट जेवतं का.

जाता जाता संस्थेतर्फे एक विनंती. पिल्लांच्या आणि ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यात घालायला आम्हाला जुनी वर्तमानपत्रं सतत लागतात. रद्दीचा विभाग एका निवृत्त प्रूफरीडरांकडे आहे आणि ते आलेला प्रत्येक गठ्ठा थेंबभर पाणी टाकून तपासतात. रोजच्या अंकाचा कागद उत्तम शोषतो. रविवारच्या गुळगुळीत पुरवण्या शोषत नाहीत, त्या परत जातील. दिवाळी अंकांबाबत त्यांचं मत असं की मुखपृष्ठ आणि जाहिराती काढून टाकल्या तर आतली कविता चालते, कथा चालते, ललित लेखांना जरा जास्त वेळ लागतो. स्टेपलच्या पिना मात्र काढून द्या. पिल्लं त्या गिळतात.